पद्मिनी पुण्याला कशी न्यावी?

प्रश्न : बाबांची प्रीमियर पद्मिनी धरमपेठेत उभी आहे. पिकअपला दोर बांधून पुण्याला भावाकडे नेऊ का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नका नेऊ, ताई. दोर हा बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच. पद्मिनीला जोर मागच्या चाकांचा. ती चाकं रस्त्यावर फिरत राहिली की प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे त्यांना गिअरबॉक्सशी जोडणारा लांब दांडा, फिरतो, त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा मागचा शाफ्टही. इंजिन बंद असल्याने खालचे गिअर मात्र थांबलेले, त्यामुळे तेल वर उडून त्या फिरत्या शाफ्टपर्यंत पोहोचत नाही. न्यूट्रलमध्येही हेच होतं. इतक्या लांबच्या प्रवासात गिअरबॉक्स जळेल, आणि या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रेलर घ्या. गाडी अंदाजे ९०० किलो. त्यात ट्रेलरचं वजन मिळवून तुमच्या पिकअपची ओढण्याची मर्यादा पुस्तिकेत पाहा. गाडीचं तोंड पुढे ठेवा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा, कमी पडला तर ट्रेलर डोलतो. पट्टे टायरवरून आवळा, बंपरला कधीच नाही. वर्ध्याच्या आसपास थांबून ते पुन्हा ताणा. मे महिन्यात निघणार असाल तर पहाटेच निघा, तापलेल्या रस्त्यावर ट्रेलरचे जुने टायर फुटतात.