दुसरा एमआरआय कशासाठी?

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघातून विंगला खेळतो. लीगच्या सामन्यात बॉलमागं सुसाट सुटलो आणि उजव्या मांडीला मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. वळून बघतो तर जवळपास कुणीच नाही. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये ‘बायसेप्स फेमोरिस, २ बी, सूज ९ सेंटीमीटर’ असं आलं. पाच आठवडे फिजिओकडं व्यायाम केले. आता अजिबात दुखत नाही, स्प्रिंटही मारतो. खात्री करावी म्हणून पुन्हा एमआरआय काढला, तर रिपोर्टमध्ये सूज अजून शिल्लक! कोच म्हणतात, रिपोर्ट क्लीन आल्याशिवाय जर्सी मिळणार नाही. मित्र म्हणतात, पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं, इंजेक्शन घे. जडेजा तर एक कसोटी सोडून लगेच परत आला होता. मी नेमकं काय करू?
– एक विंगर, कोल्हापूर

उत्तर : आधी हे उत्तर तुझ्या कोचना वाचायला दे. रिपोर्ट क्लीन व्हायची वाट बघत बसलास तर हंगाम संपेल, आणि तरीही तो क्लीन येईलच असं नाही. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, एमआरआय वाचण्यावर माझं घर चालतं. म्हणूनच हे माझ्या तोंडून आलेलं बरं.

हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू (तुझा बायसेप्स फेमोरिस त्यातलाच एक), बघताना आम्ही चरबीचा पांढरेपणा दाबून टाकणारी चित्रं घेतो. मग जे पांढरं उरतं ते बहुतेक पाणी असतं. स्नायू फाटला की रक्त आणि द्रव त्याच्या धाग्यांमध्ये पसरतो, ती ही पांढरी झाक. पण भरून येणाऱ्या स्नायूतही पाणी असतंच, आणि फाटलेलं कोणतं नि भरत आलेलं कोणतं हे त्या झाकेवरून ठरवता येत नाही. २०१४ साली डच संशोधकांनी हॅमस्ट्रिंगमधून बरे होऊन खेळायला तयार झालेल्या ५३ खेळाडूंचे एमआरआय काढले. त्यातल्या ४७ जणांच्या स्नायूत पांढरी झाक तशीच होती. म्हणजे ८९ टक्के! तुझ्या कोचचा नियम लावला असता तर ही सगळी मंडळी बाकावर बसली असती. काहींच्या चित्रात काळी पट्टीही दिसते. ती जखमेच्या जागी तयार झालेल्या व्रणाची. ती दिसली म्हणून दुखापत पुन्हा होण्याचा धोका वाढतो, असंही पुढच्या अभ्यासात आढळलं नाही.

तुझा पहिला एमआरआय मात्र कामाचा होता. त्यातल्या ‘२ बी’चा अर्थ समजून घे. ही ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सची २०१४ची वर्गवारी. ० ते ४ हा आकडा दुखापत किती मोठी ते सांगतो, आणि पुढचं अक्षर ती कुठं आहे ते. ‘ए’ म्हणजे स्नायूच्या आवरणालगत, ‘बी’ म्हणजे स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथं जोडले जातात तिथं, ‘सी’ म्हणजे थेट टेंडनच्या आत. माझ्या मते आकड्यापेक्षा अक्षराकडं जास्त लक्ष द्यावं. लोक नेमकं उलटं करतात, ‘ग्रेड किती?’ एवढंच विचारतात. टेंडन सावकाश भरतो. तुझ्या रिपोर्टमध्ये ‘सी’ असतं तर मी तुला इतक्या मोकळेपणानं उत्तर दिलं नसतं. मग दुसरा एमआरआय काढण्यालाही काही अर्थ होता.

तुझी दुखापत म्हणजे पळताना होणारी नेहमीची. पाऊल जमिनीला टेकायच्या आत, पुढं फेकलेल्या नडगीला हा स्नायू लांबता लांबता ब्रेक लावत असतो. नेमका त्या क्षणी बायसेप्स फेमोरिस फाटतो. म्हणून खेळायला लागायचं की नाही हे पळूनच ठरवायचं. फिजिओला विचार : दुखरी जागा बोटानं जोरात दाबली तरी दुखतं का? गुडघा सरळ ठेवून पाय दुसऱ्या पायाइतका वर जातो का? ताणलेल्या अवस्थेत जोर लावल्यावर दोन्ही पाय सारखे का? पूर्ण वेगाच्या स्प्रिंट, अचानक थांबणं, वळणं, पळता पळता लांब शॉट, आणि हे सगळं थकल्यावरही जमतं का? शेवटचा प्रश्न तू स्वतःला विचार, आणि खोटं बोलू नकोस : पाय झोकून देताना मनात धाकधूक होते का? होत असेल तर आणखी थांब. हे सगळं जमत असेल तर संघाबरोबर सरावाची काही पूर्ण सत्रं कर आणि मग सामना खेळ. सुरुवातीचे काही आठवडे पुन्हा ओढलं जाण्याचा धोका सर्वांत जास्त, त्यामुळे पहिल्याच सामन्यात नव्वद मिनिटं नकोत. नॉर्डिकचा व्यायाम फिजिओनं सांगितलाच असेल, गुडघ्यावर बसून पुढं झुकायचा. पाय बरा झाला म्हणून तो सोडू नकोस.

कतारमधल्या १८० खेळाडूंवरच्या २०१५च्या अभ्यासातही हेच दिसलं. किती दिवसांत परतता येईल याचा अंदाज बांधताना नुसती चौकशी आणि हातानं केलेली तपासणी जेवढं सांगून गेली, त्यात एमआरआयनं तीन टक्क्यांचीही भर घातली नाही.

पीआरपी नको. २०१४ मध्येच ८० खेळाडूंवर चाचणी झाली होती. अर्ध्यांना पीआरपी दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाईनचं पाणी. परतायला लागलेल्या दिवसांचा मध्यक दोन्ही गटांत ४२. तेवढ्या पैशांत चांगले बूट येतील.

आता जडेजा. २८ जानेवारी २०२४ला हैदराबादला धावबाद होताना त्याची हॅमस्ट्रिंग दुखावली, विशाखापट्टणमची कसोटी हुकली, आणि १५ फेब्रुवारीला राजकोटला उतरून त्यानं ११२ धावा केल्या, दुसऱ्या डावात पाच बळीही घेतले. छानच. पण डावखुऱ्या फिरकीचा रनअप आणि विंगरची चाळीस मीटरची झेप यांत फरक आहे, शिवाय दोघांचे स्नायू सारखेच फाटले होते असं मानायला काही आधार नाही. त्याच्या कॅलेंडरवर तुझा पाय चालणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, शाळेकडून खो-खो खेळते. खो मिळून उठून पळताना तिला नितंबाखाली ‘टक’ झालं. सरांनी स्नायू ओढलाय म्हणून तेल चोळायला सांगितलं. तीन आठवडे झाले, अजून वर्गात बाकावर एका बाजूला टेकून बसते.
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, चोळणं आणि स्ट्रेचिंग आजच बंद करा आणि कमरेच्या हाडांचा, म्हणजे पेल्व्हिसचा, साधा एक्स-रे काढा. या वयात आपण ज्या हाडावर बसतो तिथली वाढीची कूर्चा स्नायूपेक्षा कच्ची असते. जोराचा झटका बसला की स्नायू फाटत नाही, तो हाडाचा तुकडाच ओढून काढतो. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू शेजारी दिसतात, त्यामुळे फरक कळतो. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच राहिलं, तर मग एमआरआय.

तुकडा थोडाच सरकला असेल तर विश्रांती आणि काही आठवडे कुबड्या एवढ्यावर बहुतेक मुली बऱ्या होतात. दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर ऑर्थोपेडिक सर्जनशी शस्त्रक्रियेबद्दल बोला. आणि एक गोष्ट आवर्जून : एक्स-रे काढताना दुखापतीची तारीख आणि तो ‘टक’ आवाज चिठ्ठीवर लिहायला लावा. तीन आठवड्यांनी तिथं नवं हाड तयार होऊ लागतं आणि ते इतकं वेडंवाकडं दिसतं, की मागचं काही माहीत नसलेला डॉक्टर गाठीची शंका घेऊ शकतो. मग घरभर विनाकारण घाबरगुंडी.

प्रश्न : आमच्या तालुक्याला फक्त सोनोग्राफी आहे. हॅमस्ट्रिंगसाठी ती चालेल का?
– एक कबड्डी प्रशिक्षक

उत्तर : मांडीच्या मधल्या भागासाठी चालेल, पण करणाऱ्याला स्नायूंच्या सोनोग्राफीचा सराव हवा. दुखापतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करा. फाटलेली जागा आणि साठलेलं रक्त चांगलं दिसतं. बसायच्या हाडाजवळचं दुखणं मात्र खोलवर असतं, तिथं सोनोग्राफी कमी पडते. तिथं ‘टक’ होऊन मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत काळंनिळं पडलं असेल तर खेळाडूला शहरात आणा आणि त्याच आठवड्यात एमआरआय करा. टेंडन हाडापासून सुटून खाली सरकले असतील तर शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, उशीर झाला की ती अवघड होते. एमआरआयच्या वेळी दुखरी जागा तंत्रज्ञाला बोटानं दाखवायला सांगा. तो तिथं ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतो, ती चित्रात दिसते, आणि नेमकं कुठं बघायचं ते आम्हाला कळतं.