पार्किन्सन्सच्या पेशंटला व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवून उपयोग होतो का?

बाबांना सात वर्षांपासून पार्किन्सन्स, घर कासारवडवलीला आणि न्यूरॉलॉजिस्ट परळला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्यांना रखडवण्यापेक्षा व्हिडिओवर दाखवलं तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागेल, पण दर वेळी नाही.

माझ्या आईलाही पार्किन्सन्स आहे. आमचं घर नौपाड्यात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईला खाली उतरवायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पुढून मी आणि मागून वॉचमन. ओपीडीत पोचेपर्यंत ती अर्धमेली व्हायची. आणि डॉक्टरांचा नंबर लागला की एकदम ताठ! निघताना दिलेली गोळी तोवर लागू पडलेली, शिवाय परक्या माणसासमोर कमीपणा नको. झपझप चालून दाखवायची. डॉक्टर म्हणायच्या, "छान आहेत की!" मी कपाळाला हात लावायचो.

व्हिडिओवर पहिला प्रयत्न एका अ‍ॅपवरच्या अनोळखी डॉक्टरांकडे केला. चार मिनिटांत आटोपलं. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात आईचं फक्त कपाळ दिसत होतं; म्हणजे अर्धी चूक माझीच.

मग तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी मुद्दाम दुपारच्या गोळीच्या अर्धा तास आधीची वेळ दिली, गोळीचा असर उतरलेला असतो तेव्हाची. म्हणाल्या, "आजींना स्वयंपाकघरापर्यंत चालू दे." दाराशी आली आणि पाय फरशीला खिळले. ओपीडीत हे एकदाही झालं नव्हतं. "आधी ते पायपुसणं उचला," डॉक्टर म्हणाल्या. मग दारात जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारायला लावले. आई आता एकेक पट्टा ओलांडत जाते, लंगडी खेळल्यासारखी. त्याच कॉलमध्ये तिने गोळी दुधाबरोबर घेतली, तेही त्यांनी पाहिलं. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, दुधातल्या, डाळीतल्या प्रोटीनबरोबर पोटात गेलं तर नीट शोषलं जात नाही. जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. चार वर्षं आम्ही दुधाबरोबर देत होतो!

एक गोष्ट आईसमोर बोलता येत नव्हती. संध्याकाळी तिला कॉटखाली लहान मुलं दिसायची. डॉक्टरांनी मला वेगळी दहा मिनिटं दिली, मी गच्चीवर जाऊन बोललो. एक गोळी हळूहळू बंद केली, मुलं गेली. रात्री कूस बदलायला आई किती वेळा उठवते, हेही त्यांनी मलाच विचारलं. तुम्हीही अशी वेगळी वेळ मागून घ्या, पेशंटसमोर आपण अर्धंच बोलतो.

आता व्हिडिओवर काय होत नाही ते. मनगट वाकवून हाताचा ताठरपणा बघणं, मागून खांदे ओढून तोल बघणं, याला डॉक्टरांचा हातच लागतो. म्हणून आजाराचं निदान प्रत्यक्ष भेटूनच करून घ्या. आम्ही अजूनही वर्षातून दोनदा खुर्ची काढतो. डोक्यावर पडले, घास अडकला, ताप आला किंवा एका दिवसात तब्येत ढासळली, तर कॉलची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. बऱ्याचदा मागे लघवीचं इन्फेक्शन निघतं. आणि लेव्होडोपा स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

कागदपत्रांची काळजी नको. 25 मार्च 2020 च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात. फक्त अंमली पदार्थ कायद्याखालची औषधं नाहीत.

तुमच्यासाठीही सांगतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळही मराठीच आहे. तिथे आपल्यासारखी घरची माणसं भेटतात.

कॉलच्या आधी आठवडाभर वहीत लिहा: गोळी किती वाजता, पाय कधी अडले, किती वेळा पडले. बीपी आडवं असताना आणि उभं केल्यावर, दोन्ही मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 ने घसरला तर नक्की सांगा. आणि फोन धरायला शेजारचं एखादं कॉलेजातलं पोर बोलावून ठेवा, पाय दिसतील असा लांबून धरायला सांगा. तुमचे दोन्ही हात बाबांना सावरायला मोकळे हवेत.