तातडीच्या सरकारी आरोग्य प्रकल्पात सॉफ्टवेअर कंपनीचं काम कसं जोखायचं? (नाशिक जिल्हा, ओपीडी नोंदणी)

कंपनीच्या मासिक अहवालावर जाऊ नका. '९९.५ टक्के चालू' हे ऐकायला झकास वाटतं, पण ३० दिवसांत अर्धा टक्का म्हणजे ३.६ तास. हे तास सोमवारी सकाळी ओपीडीच्या वेळेत गेले तर केस पेपरची रांग गेटबाहेर जाते, रात्री दोनला गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून बंद पडल्याचा हिशोब ओपीडीच्या वेळेपुरता वेगळा मागा.

दुसरं, चाचणी कॉन्फरन्स हॉलमधल्या वायफायवर घेऊ नका. सुरगाणा, पेठ, हरसूलकडे जा, नेटवर्क गेल्यावर नोंद मोबाईलमध्ये टिकते का आणि रेंज आल्यावर दुबार न होता चढते का, ते नर्सताईंसोबत बसून बघा. अर्धं मूल्यमापन तिथेच होतं.

आणि दोष वाटताना प्रामाणिक राहा. अमेरिकेत हेल्थकेअर डॉट गव्ह हे आरोग्य विमा घेण्याचं सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं, पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. शिव्या कंत्राटदारांना पडल्या, पण सरकारकडून मागण्या शेवटपर्यंत बदलत होत्या आणि सगळे तुकडे जोडण्याची जबाबदारी कोणाची, हेच स्पष्ट नव्हतं. आपल्याकडेही निम्मे बदल फोनवर सांगितले जातात (तेही 'आजच पाहिजे' म्हणून!). तेव्हा प्रत्येक बदलाची तारीख आणि सांगणाऱ्याचं पद लिहून ठेवा. नोंद नसेल तर दंडाचं कलम लावायला गेलात की कंपनी तुमच्याकडेच बोट दाखवेल.

शेवटचं बिल डेटा आणि सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्राम) हातात आल्यावरच काढा.