आधी तिचे हात काढ

प्रिय मुली,

तुझ्या चित्रकथेची बारा पानं मिळाली. दोनदा वाचली, तिसऱ्यांदा नुसती चित्रं बघितली. दाहोमी राज्याच्या बंदूकधारी स्त्रीसैनिक, म्हणजे आगोजी, किंवा १९०० साली इंग्रजांशी लढलेली 'या असांतेवा' नावाची आफ्रिकी राणीमाता निवडली असतीस, तर चित्रं आपोआप जोरकस झाली असती. तू १९२९ मध्ये इंग्रज राजवटीविरुद्ध उठलेल्या, आग्नेय नायजेरियातल्या, पामतेल विकून घर चालवणाऱ्या इग्बो बायका निवडल्यास. फार बरं वाटलं.

पण पहिल्याच पानावर गोळीबार कशाला? आधी हात काढ. नोव्हेंबर १९२९, ओलोको गाव. न्वान्येरुवा नावाची विधवा पामतेल काढण्याच्या कामात आहे. ओकुगो या वॉरंट चीफचा, म्हणजे इंग्रजांनी नेमलेल्या गावप्रमुखाचा, माणूस येतो आणि सांगतो, शेळ्यामेंढ्या मोज, घरातली माणसं मोज. ती उलट विचारते, "तुझ्या विधवा आईला मोजलं होतं का?" मग झटापट. ते तेल लालसर केशरी असतं. तेवढा एकच रंग पुस्तकभर वापर, बाकी सगळं काळ्या शाईत. तिच्या तळव्यांवरचा रंग पुढे बाजारात, वाटेवर, कचेरीच्या पायरीवर दिसू दे.

ती एवढी का भडकली, हे वाचकाला कळायलाच हवं. काही वर्षांपूर्वी पुरुषांची अशीच शिरगणती झाली होती आणि १९२८ मध्ये त्यांच्यावर कर बसला होता. त्यात तेलाचे भाव पडलेले. तू हे सगळं एका चौकटीत निवेदनात कोंबलं आहेस. त्याऐवजी बाजारातल्या दोघींना भावावरून बोलू दे, अख्खं पान लागलं तरी चालेल.

पान सातवर तू 'दंगल' लिहिलंस. तो शब्द इंग्रज कचेरीचा. बायका म्हणत होत्या 'ओगु उमुन्वान्यी', बायकांचं युद्ध. आणि झटापटीची बातमी पसरल्यावर ओकुगोच्या दारात जमून त्या जे करत होत्या, ती त्यांची जुनी रीत होती. इग्बोत तिला 'माणसावर बसणं' म्हणतात. ज्याने बाईचा अपमान केला, त्याच्या दारात जमायचं, त्याच्याविरुद्धच्या तक्रारी गाण्यातून मांडायच्या, रताळ्यासारखे याम कुटायच्या मुसळांनी त्याच्या भिंती बडवायच्या. चेहऱ्याला राख, डोक्याला नेच्याची पानं, हातात ताडाच्या कोवळ्या पात्या गुंडाळलेल्या काठ्या. इंग्रजांना यात रानटीपणा दिसला. तुझ्या चित्रात जर तो चुकून उतरला, तर आपण त्यांच्याच चष्म्यातून बघितल्यासारखं होईल. अंगावर कमी कपडे आहेत म्हणून नजर तिकडे नेऊ नकोस, चेहरे काढ. गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा हवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलंस तर पुस्तकच टळलं असं समज.

एकच नायिका करायचा मोहही आवर. इकोन्निया, न्वान्नेदिया आणि न्वुगो या ओलोकोच्या तिघी बोलणी करण्यात पुढे होत्या. न्वान्येरुवा स्वतः हिंसा नको म्हणत होती. ओकुगोला दोन वर्षांची कैद झाली, त्याची अधिकाराची टोपी गेली. ती टोपी रिकामी काढ, कुणाच्याही डोक्यावर नको.

ओपोबो या गावाचं पान मात्र मला अजून झोपू देत नाही. १६ डिसेंबरला तिथे बायका सरकारी कचेरीसमोर लेखी आश्वासन मागत होत्या. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. या सगळ्या लढ्यात पन्नासहून अधिक बायका मेल्या. रक्त दाखवू नकोस. पडलेल्या ताडाच्या काठ्या पुरेत.

आता संवादांविषयी, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. १९३० च्या चौकशी आयोगापुढे या बायकांनी साक्षी दिल्या, त्या छापलेल्या आहेत. पण त्या दुभाष्यामार्फत इंग्रजीत उतरल्या आणि तू त्यांना मराठीत आणते आहेस. म्हणून साक्षीतलं वाक्य असेल तर फुग्याची रेघ सलग ठेव, तू रचलेलं असेल तर तुटक. पहिल्या पानावर वाचकाला हे सरळ सांग. तू चार ठिकाणी न्वान्येरुवाच्या तोंडी लांब भाषण घातलं आहेस, ते काढून टाक. तिचा एक प्रश्न पुरे आहे.

सुधारलेली पहिली चार पानं पेन्सिलीतच पाठव. शाई लावायची घाई नको, हात अजून बदलावे लागतील.

तुझी,
ताई