शिडी आणि कणकेची परात

«माई, मी 51 वर्षांची आहे, नाशिकला राहते. सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या आम्ही नऊजणी जानेवारीत कळसूबाईला गेलो. डोंगर असा मी आयुष्यात पहिल्यांदाच चढले. लोखंडी शिडीवर हात थरथरत होते, खाली बघवत नव्हतं. वर पोचले, वारा अंगावर आला आणि मी जोरात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं. दोन-तीन दिवस हवेतच होते. मग गुरुवारी संध्याकाळी कणीक मळताना एकदम रडू फुटलं. घरात काही कमी नाही. हे स्वभावाने चांगले आहेत. तरी सगळं फिकं वाटतंय. सासूबाई 82 वर्षांच्या, त्या म्हणतात, ‘या वयात कसली थेरं!’ हे म्हणतात, ‘पाय मोडला तर कोण बघणार?’ आता मी येत्या रविवारी हरिहर किल्ल्यावर जायचे पैसे भरलेत आणि घरी सांगितलंय की मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा आहे. मला संसाराचा कंटाळा आलाय का? माझं चुकतंय का?»

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना ‘काय ओरडले ते आठवत नाही’ या वाक्याशी मी थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. आपल्यासारखी बाई मोठ्याने ओरडते ती मुलांवर, आणि तेही खिडकी लावून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. आनंदाने, पोटातून, कोण ऐकतंय याची पर्वा न करता ओरडायला तुम्हाला 1646 मीटरवर, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी जावं लागलं. ओरडलात ते फार चांगलं केलंत.

संसाराचा कंटाळा आलाय का, असं विचारलंय. मला तसं वाटत नाही. संसाराला कंटाळलेली बाई पत्रात ‘हे चांगले आहेत’ असं लिहीत नाही, सासूबाईंचं वय कंसात घातल्यासारखं जपून सांगत नाही. तुम्हाला वेगळंच काहीतरी झालंय. ते काय असावं, हे मला जमेल तसं सांगते.

त्या शिडीवर असताना तुमच्या डोक्यात काय होतं, आठवून बघा. पुढची पायरी. बस. गेली कित्येक वर्षं तुमच्या डोक्यात एका वेळी सात-आठ गोष्टी शिजत असतात: दूध तापलं का, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात, गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलाचा फोन का नाही आला. शिडीवर हे सगळं गळून पडलं, कारण तिथे हात सुटला तर पडायची भीती होती. शरीरानेही आपलं काम केलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांनी अ‍ॅड्रेनालिन सोडलं. छाती धडधडली, श्वास वाढला, तळहातांना घाम आला, नजर धारदार झाली. भीतीत होतं तेच सगळं आनंदातही होतं. फरक इतकाच, की पायाखाली पक्की जमीन आली आणि शरीराला कळलं, आपण सुखरूप आहोत. तेव्हा तीच धडधड आनंदाची झाली. तो आवाज तिथून निघाला.

आणि तुमच्यासमोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले उभे होते, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. हे सगळं बघताना तुमच्याकडे कुणी पाणीसुद्धा मागत नव्हतं.

आता कणीक. कणीक मळायला हात लागतात, मन लागत नाही. तुमचे हात ते काम इतकी वर्षं करतायत की मन मोकळं सुटतं. त्या गुरुवारी सुटलेलं मन सरळ डोंगरावर गेलं, आणि परत आलं तेव्हा समोर परात होती. रडू त्या अंतराचं होतं, परातीचं नव्हतं. मोठ्या लग्नकार्यानंतर मांडव उतरवताना येतं तसं. ते आठ-पंधरा दिवसांत निवतं. मात्र झोप उडाली असेल, महिनाभर काहीच गोड लागत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमारासही मन असं हलतं, आणि त्यावर उपाय असतात. ‘घरात काही कमी नाही’ म्हणून अंगावर काढू नका.

कळसूबाईची कथा तुम्हाला वर कुणी सांगितली का? पायथ्याच्या गावांत सांगतात ती अशी. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड असलेली. ती एका घरी कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बाकी सांगाल ते करीन. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिने निमूटपणे केलं, आणि काम संपवून डोंगर चढून गेली ती खाली आलीच नाही. तिथेच राहिली. आज तिचं देऊळ आहे, नवरात्रात यात्रा भरते, बायका ओटी घेऊन चढतात.

ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी गप्प झाले होते. तिचं पुढे काय झालं असेल, तिथे तिला थंडी वाजली असेल का, असलं काहीबाही मनात येत राहिलं. पण तुम्ही कळसू नाही, मैत्रिणी. तुम्ही खाली आलात, आणि तुम्हाला खाली यायचंही होतं. तुम्हाला वर जाऊन परत यायचंय, आणि पुन्हा जायचंय. ही मागणी अगदी साधी आहे. घराने ती ऐकायला हवी.

सासूबाईंशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी त्यांच्या पायांना तेल लावताना विचारा, नागपंचमीचा त्यांचा झोका कुठल्या झाडाला बांधायचे? कोण जास्त उंच न्यायचं? मंगळागौरीला किती वेळ फुगडी घालायच्या? 82 वर्षांच्या बाईने हे सगळं केलंय. आपल्या आज्यांना हा आनंद चांगला ठाऊक होता. त्यांनी त्याला सणाचं नाव दिलं, म्हणजे कुणी अडवणार नाही. फुगडीत दोघी एकमेकींच्या हातावर अंग मागे टाकून गरगर फिरतात, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो शिडीवरचाच. मला खात्री आहे, झोक्याचं नाव काढताच त्यांचा चेहरा बदलेल. थेरं हा शब्द त्यांनी स्वतःही कधीतरी कुणाकडून तरी ऐकला असणार.

माझंही सांगते. सत्तावन्नाव्या वर्षी मी पोहायला शिकले, नगरपालिकेच्या तलावात. तीन आठवडे मी काठाची दांडी धरून पाय मारत होते. एका सकाळी ती दांडी सोडली. चार हात गेले असेन, नाकात पाणी गेलं, आणि मी हसत सुटले. घरी येऊन पोह्यांना फोडणी देतानाही हसत होते. त्या तलावाची खोली माझ्या गळ्याएवढीसुद्धा नव्हती. म्हणून सांगते, हा आनंद उंचीत नसतो. जे जमेल की नाही याची खात्री नाही, जे कुणी आपल्याला करायला सांगितलेलं नाही, ते आपल्या हातापायांनी करून बघण्यात तो असतो. तुमच्या घरापासून पांडवलेण्याच्या पायऱ्या जवळ असतील. एखाद्या पहाटे एकट्या चढून जा, न थांबता. छाती भरून येईल.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मला एक काळजी वाटते. कळसूबाईनंतर लगेच हरिहर, मग त्याहून अवघड काहीतरी, असं सुरू झालं तर प्रत्येक वेळी पहिल्या वेळेइतकं वाटत नाही, आणि माणूस जास्त धोक्याकडे सरकतो. पहिलं ते पहिलंच. त्यापेक्षा ही विद्या नीट शिका. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल दोन मुलींची आई, गृहिणी. मुलीसोबत दलमा टेकड्यांवरच्या चालण्याच्या स्पर्धेला गेल्या आणि तिथून गिर्यारोहणाकडे वळल्या. मग बचेंद्री पाल यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकल्या आणि 2011 साली, वयाच्या 48व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचल्या. तुम्ही एव्हरेस्टला जावं म्हणून हे सांगत नाही. मधली ती वर्षं बघा, एवढंच म्हणते.

आता साखरपुडा.

तुमचं एवढंच चुकलंय, आणि ते रविवारच्या आत दुरुस्त करा. खोटं बोलणं वाईट हे तर आहेच, पण डोंगरात ते धोक्याचंही आहे. तुम्ही हरिहरच्या पायथ्याशी, हर्षेवाडीच्या वाटेवर असताना पाय मुरगळला, तर घरचे तुम्हाला मंगल कार्यालयात शोधतील. शिवाय असा चोरून मिळवलेला आनंद तुम्हाला घरी आणता येणार नाही. कळसूबाईहून आल्यावर तुम्ही तो वारा कुणाला सांगितलात का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

आज रात्री जेवणं झाल्यावर यांना सांगा. ‘जाऊ का?’ असं विचारू नका. ‘मी साखरपुडा म्हणाले ते खोटं होतं, मला हरिहरला जायचंय, आणि खोटं का बोलावं लागलं तेही सांगते,’ असं म्हणा. मग शिडीवर हात कसे थरथरत होते ते सांगा. ओरडलात तेही सांगा. ‘पाय मोडला तर कोण बघणार’ या प्रश्नात टोमणा असेल, पण भीतीही आहे. त्या भीतीला उत्तर द्या: रक्तदाब आणि साखर तपासून घेते, गुडघे दाखवते, कोण सोबत आहे त्याचे नंबर लिहून ठेवते. पटकन ‘मग तुम्हीही चला’ असं मात्र म्हणू नका. यांना पुढे कधीतरी न्या. अजून एक-दोनदा तुमचं तुम्ही जाऊन या. यांच्यासोबत गेलात की तुमचं निम्मं लक्ष यांच्या पाण्याच्या बाटलीकडे राहील.

आणि हरिहरबद्दल खरंच विचार करा. त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, आणि चढणारे-उतरणारे सगळे त्याच एका जिन्यावर. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी होते, आणि पायऱ्यांपेक्षा ती गर्दी जास्त धोक्याची. नेणाऱ्याला फोन करून विचारा: एकूण किती माणसं, वाट माहीत असलेले किती, दोर आणि प्रथमोपचाराचं सामान आहे का, पहाटे किती वाजता पायथा सोडणार. उत्तरं सरळ आली नाहीत, तर भरलेले पैसे बुडू द्या. पुढे एखाद्या मधल्या वारी दोघी-तिघी मिळून जाणता वाटाड्या घेऊन जा. किल्ला तिथेच आहे.

गेलातच, तर चांगली पकड असलेले बूट घाला आणि पदर-ओढणी खोचून घ्या. चढताना एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवा, बाकीचे तीन कातळावर टेकलेले राहू द्या. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बोटं रोवायला खोबण्या आहेत, त्यांत बोटं पूर्ण आत जाऊ द्या. उतरताना कातळाकडे तोंड करून उतरा, घाई करू नका. फोन पिशवीत ठेवा. वर पोचलात की आधी बसा, पाणी प्या, श्वास खाली येऊ द्या. मग हवं तेवढं ओरडा, आणि यावेळी काय ओरडलात ते लक्षात ठेवून मला लिहा.

तुमची,
माई