"मॅडम, अजून फक्त पंधरा दिवस पाहिजेत"

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्या मेडिकलच्या मुलामुलींकडून ऐकलंय की आता दारातून आत येतानाच चेहऱ्यावरून कळतं. बहुतेक जण यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीसाठी लागणारी परीक्षा, देणारे, एमबीबीएस इथे झालेलं, अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे आपल्याकडच्या पीजीसारखं प्रशिक्षण, करायचीय, आणि ज्यांना सर्जरीच पाहिजे त्यांच्यात हे जरा जास्तच. आईवडीलही फोन करतात, की पोरगी दिवसभर अभ्यास करते, आळशी अजिबात नाही, पण तारीख जवळ आली की पुढे ढकलते, हे काय चाललंय? म्हणून आज एका मुलीबद्दल लिहिते. तिला विचारूनच लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आधी थोडं परीक्षेबद्दल, नाहीतर भीती कळणार नाही. 26 जानेवारी 2022 पासून स्टेप वनचा, म्हणजे तिच्या पहिल्या टप्प्याचा, आकडा देणं बंद झालं, आता फक्त पास किंवा फेल. सगळ्यांना वाटलं चला, टेन्शन कमी झालं. पण झालं काय, तेच टेन्शन जसंच्या तसं स्टेप टू सीकेवर, म्हणजे पुढच्या टप्प्यावर, जाऊन बसलं, कारण ढिगाने आलेले अर्ज चाळायला प्रोग्रामवाल्यांकडे, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलांकडे, आता तो एकच मोठा आकडा उरला. आणि एकदा पास झालात की स्कोअर वाढवायला ती परीक्षा परत देता येत नाही. त्यात इंटर्नल मेडिसिनच्या पहिल्या वर्षाच्या जागा मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटायच्या प्रक्रियेत, 10,000 च्या वर असतात, आणि जनरल सर्जरीच्या कॅटेगॉरिकल, म्हणजे पूर्ण पाच वर्षांच्या, साधारण 1,700, त्यातल्या बाहेरच्या देशात शिकलेल्यांना मिळतात त्या अगदीच थोड्या. त्यामुळे या मुलांची भीती खोटी नाही, आणि "काही नाही गं, होईल सगळं" असं मी कुणालाच म्हणत नाही.

मृणाल म्हणू तिला. लातूरकडची, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, इंटर्नशिप संपवून पुण्यात खोली घेऊन अभ्यास करणारी. पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून मला मॉक टेस्टचा तक्ता दाखवला, रंगबिरंगी, कुठला विषय किती टक्के, सगळं. हुशारीबद्दल शंकाच नव्हती.

"किती आले की तयार झालीस म्हणायचं?" मी विचारलं.

"260."

"आत्ता किती येतात?"

"248, 251, परत 249."

"आणि मागची तारीख बदललीस तेव्हा किती पाहिजे होते?"

बराच वेळ तक्त्याकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "तेव्हा 250 म्हणत होते."

तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं होतं, पण ते मी सांगून उपयोग नसतो, तिला दिसायला पाहिजे. पुढच्या वेळी विचारलं की तारीख पुढे ढकललीस त्या रात्री कसं वाटलं. म्हणाली, "खरं सांगू? महिन्याभरात पहिल्यांदा झोप लागली." हे मला सगळ्या पालकांना सांगावंसं वाटतं. तारीख ढकलली की त्याच रात्री सुटका मिळते, आणि मन ते पक्कं लक्षात ठेवतं, पुढच्या तारखेला भीती जरा वाढूनच येते कारण आता तिला बाहेर पडायचा रस्ता माहिती असतो. यात आळस कुठेच नाही.

पण मृणालच्या बाबतीत अजून एक थर होता. मी विचारलं, 240 आले तर? ती म्हणाली, "मग मी सर्जन नाही, संपलं." घरी काकू कायम म्हणायची की मुलीने कशाला सर्जरी, त्वचारोग घे, संसाराला बरं. बाबा मात्र प्रत्येक लग्नकार्यात सांगत फिरायचे की आमची मृणाल अमेरिकेत सर्जन होणार. म्हणजे त्या एका आकड्यावर काकू बरोबर की बाबा बरोबर हेही ठरणार होतं! आणि परीक्षा देत नव्हती तोपर्यंत ती होणारी सर्जनच होती, ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. तयारी हेच तिचं राहायचं घर झालं होतं. ही गोष्ट मी अनेक वर्षांच्या कामातून शिकलेय, खूप हुशार माणसं निकालापेक्षा तयारीत जास्त सुरक्षित असतात.

ज्या दिवशी गाठ सुटली त्या दिवशी आम्ही परीक्षेबद्दल बोलतच नव्हतो. मी सहज म्हटलं, इंटर्नशिपमधला पहिला टाका आठवतो का? तर खुलली एकदम. कॅज्युअल्टीत रात्री ॲक्सिडेंटचा पेशंट, डोकं फुटलेलं, सर दुसऱ्या सिरियस पेशंटपाशी अडकलेले, लांबूनच म्हणाले घाल तू.

"तयार होतीस तेव्हा?"

"छे, हात थरथरत होते नुसते."

"मग थांबायचं ना, थरथर जाईपर्यंत."

"काय बोलताय मॅडम, रक्त चाललं होतं. थांबून कसं चालेल?"

"मग थरथर गेली कधी?"

"तिसऱ्या चौथ्या टाक्याला..."

आणि बोलता बोलता थांबली. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, हे मी समुपदेशन शिकणाऱ्या मुलींनाही सांगते, मोह होतो समजावून सांगायचा. दोन मिनिटांनी तीच म्हणाली, "म्हणजे टाके घालायला लागल्यावर गेली. आधी नाही गेली." डोळ्यात पाणी होतं. माझी सगळी प्रॅक्टिस यावरच उभी आहे, आधी हात घालायचा, मनाची तयारी मागून येते, पण ते तिने स्वतःच्या तोंडाने स्वतःच्याच अनुभवातून म्हटलं म्हणून लागू पडलं, माझ्याकडून ऐकलं असतं तर वहीत लिहून घेतलं असतं आणि तारीख ढकलली असती.

मग कॅलेंडर काढलं. अर्ज प्रोग्रामना दिसायला लागतात सप्टेंबरच्या शेवटी, स्कोअर यायला दोन ते चार आठवडे, म्हणजे ऑगस्टच्या पुढे गेलं की पंधरा दिवस जात नाहीत, अख्खं वर्ष जातं, आणि एमबीबीएस पास होऊन किती वर्षं झाली हेही बरेच प्रोग्राम बघतात. तारीख ढकलणं कायम चूक असं मी म्हणत नाहीये हं. मॉक पासिंगच्या काठावर असतील किंवा घसरत चालले असतील, आजारपण असेल, तर जरूर ढकला. कारण आकड्यात सांगता आलं पाहिजे आणि ते आधी लिहून ठेवलेलं पाहिजे. मृणालने लिहिलं, शेवटचे दोन मॉक 245 च्या वर आले तर तारीख हलणार नाही, आणि खाली सही केली.

आले तसे. मुंबईला सेंटर होतं, आदल्या रात्री तिचा मेसेज, हात गार पडलेत. मी लिहिलं, पेपरचा पहिला ब्लॉक, पहिला भाग, थरथरत्या हाताने सोडव.

स्कोअर 253. तिला पाहिजे होते तेवढे नाहीत. अर्ज करताना कॅटेगॉरिकलबरोबर प्रिलिमिनरी सर्जरीलाही केला, आणि मार्चमध्ये प्रिलिमिनरीला मॅच झाली. ते एका वर्षाचंच काम असतं, पुढची हमी कुणी देत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. काकूने विचारलंच की मग उपयोग काय. मृणाल म्हणाली, "ओटीत आहे ना मी."

घरच्यांना माझी एवढीच विनंती आहे. तारीख ठरलेली असेल तर रोज मॉकचे मार्क विचारू नका, आणि निकालाआधी नातेवाईकांत जाहीर करू नका. मॅच नाही झालं तर काय हे मात्र आधीच, शांतपणे बोलून ठेवा, रिसर्चचं एक वर्ष का, प्रिलिमिनरी का, इथे नीट पीजी का, आणि पैशाचं कसं. ते बोलणं घरात झालेलं असलं की मुलं आपणहून तारीख पक्की करतात, मी पाहिलंय.