अंक अख्खा ठेवा : जुन्या वर्तमानपत्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न जुन्या वर्तमानपत्रांचे आहेत. माझं आयुष्य फाटका कागद सांधण्यात गेलं आणि त्यातला बराचसा कागद वर्तमानपत्रांचाच होता, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. प्रश्न थोडे आखडून घेतले आहेत.

प्रश्न : अब्राहम लिंकन यांच्या हत्येची बातमी असलेला 'न्यूयॉर्क हेराल्ड'चा १५ एप्रिल १८६५चा अंक मला भेट मिळाला आहे. चार पानं आहेत, पहिल्या पानावर लिंकन यांचं चित्र आहे, कागद चांगलाच तपकिरी पडला आहे. अंक खरा असेल ना?

चित्र आहे म्हणालात, तिथेच उत्तर मिळालं. ही मागाहून छापलेली नक्कल आहे. त्या दिवशीच्या खऱ्या 'हेराल्ड'च्या पहिल्या पानावर लिंकन यांचं चित्र नव्हतं आणि अंक आठ पानांचा होता. आदल्या रात्री गोळी झाडली गेली, सकाळी सातनंतर त्यांचा प्राण गेला. त्या धावपळीत लाकडावर चित्र कोरून घ्यायला वेळ तरी कुठून मिळणार? पुढे कित्येक वर्षं या अंकाच्या नकला निघत राहिल्या आणि लोकांनी त्या खऱ्या समजून जपल्या.

तपकिरी रंगावर तर अजिबात विसंबू नका. नकला बहुतेक वेळा स्वस्त, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर निघाल्या आणि तो कागद लवकर करपतो. कुणी चहाच्या पाण्यात बुडवूनही कागद 'जुना' करतात. तसा डाग सगळीकडे सारखा पसरलेला असतो. खरा काळ आधी कडांना आणि घड्यांना धरतो, मधला भाग त्या मानाने उजळ राहतो.

असा प्रसिद्ध अंक हातात आला की मी आधी मजकूर वाचत नाही. पान उलटं करून खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरते. खिळ्यांनी (म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी) छापलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरांचे वण उठलेले दिसतात, बोटालाही कळतात. ऑफसेटवर, म्हणजे खिळ्यांशिवाय सपाट पत्र्यावरून छापणाऱ्या नव्या यंत्रावर, काढलेली नक्कल दोन्ही बाजूंनी सपाट असते. मग भिंग घेते. फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याची रीत वर्तमानपत्रांत १८८०च्या सुमारास आली. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने ४ मार्च १८८० रोजी तसं चित्र छापलं होतं. त्याआधीची तारीख आणि चित्रात मात्र ठिपके, असं दिसलं की पुढे तपासायची गरजच नाही. शेवटी डावी कड बघते. तिथे शिवणीची भोकं असली तर मला बरं वाटतं. जुने अंक टिकले ते मुख्यतः ग्रंथालयांनी त्यांचे खंड बांधले म्हणून, आणि खंड उसवून सुटा केलेला अंक त्या दोऱ्याची खूण बाळगून असतो.

नकलांमध्ये दोन नावं लक्षात ठेवाच. पहिलं 'अल्स्टर काउंटी गॅझेट', ४ जानेवारी १८००. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मृत्यूचं वृत्त काळ्या जाड रेघांच्या चौकटीत आहे. मूळ प्रती अगदी बोटांवर मोजण्याइतक्या, नकला मात्र एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा निघालेल्या. दुसरं व्हिक्सबर्गचं 'डेली सिटिझन', २ जुलै १८६३. अमेरिकी यादवीत शहराला वेढा पडला होता, छापायला कागद उरला नव्हता, म्हणून संपादकाने भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या बाजूवर अंक काढायला सुरुवात केली. ४ जुलैला शहर पडलं. आत शिरलेल्या सैनिकांना छापखान्यात २ तारखेच्या अंकाचे खिळे जुळवलेले तसेच सापडले. त्यांनी शेवटच्या रकान्यात आपला छोटासा मजकूर घालून तो अंक छापला. वर्तमानपत्रांच्या इतिहासातला माझा हा सर्वांत आवडता अंक आहे: वर वेढ्यातल्या शहराचा ताठा आणि तळाशी जिंकणाऱ्यांच्या ओळी, दोन्ही एकाच कागदावर. पण याच्याही नकला नक्षीदार कागदावर निघाल्या आहेत, त्यामुळे नुसती मागची फुलं बघून हुरळून जाऊ नये.

तुमची नक्कल फेकू मात्र नका. तीही बरीच जुनी असू शकते. सोबत 'नंतरचं पुनर्मुद्रण' अशी चिठ्ठी ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर ती ज्याच्या हाती जाईल तो फसणार नाही.

प्रश्न : माझ्याकडचा १७९०च्या दशकातला अंक अजून पांढरा आणि लवचीक आहे, १९४०च्या दशकातला मात्र हात लावताच तुटतो. हे उलटं कसं?

आधीचा कागद चिंध्यांचा होता. सुती आणि लिननच्या जुन्या कापडाचा लगदा करून तो बनवत. त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात. असा कागद उजेडासमोर धरलात तर साच्याच्या तारांच्या बारीक समांतर रेघाही दिसतील.

एकोणिसाव्या शतकात वाचक वाढले, छपाईयंत्रं वेगवान झाली आणि चिंध्या पुरेनात. १८४४च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश केलर आणि कॅनडात चार्ल्स फेनर्टी या दोघांनी स्वतंत्रपणे लाकूड दळून कागद करण्याची वाट काढली. फेनर्टींनी तर आपल्या कागदाचा नमुना हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राकडेच पाठवला होता. पुढच्या तीनचार दशकांत वर्तमानपत्रं या कागदावर आली आणि रोजचा अंक कुणालाही परवडू लागला. हा लाभ मी कमी लेखणार नाही. पण लाकूड नुसतं दळलं की त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, कागदातच राहतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं. शाई फुटू नये म्हणून कागदात तुरटी आणि राळ घालत, त्यातूनही आम्ल तयार होतं. हे आम्ल तंतूंच्या साखळ्या आतून तोडत राहतं. मग एक दिवस आपण घडी उघडतो आणि पान घडीवरच दुभंगतं.

जाणकारांना हे फार पूर्वी उमगलं होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९२७ ते १९५३ या काळात ग्रंथालयांसाठी चिंध्यांच्या कागदावर वेगळी आवृत्ती छापली. ती कुठे पाहायला मिळाली तर त्याच तारखेच्या साध्या अंकाशेजारी ठेवून बघा. एकच मजकूर, एकच दिवस, आणि एक कागद धडधाकट तर दुसरा मोडकळीला आलेला.

प्रश्न : सगळा अंक ठेवायला जागा नाही. महत्त्वाची बातमी तेवढी कापून फ्रेम केली तर चालेल का?

नका हो. कळकळीने सांगते, कात्री लावू नका.

कात्रणात बातमी राहते, दिवस मात्र निघून जातो. त्या बातमीशेजारी काय होतं, तिला किती जागा दिली होती, मागच्या पानावर कोण काय विकत होतं, कोणतं जहाज कधी सुटणार होतं, हे सगळं नाहीसं होतं. लंडनच्या 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६पर्यंत मुख्यतः जाहिरातीच असत. ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईतल्या ब्रिटिश विजयाची बातमी असलेला ७ नोव्हेंबर १८०५चा अंक हातात घेतला तर वरवर काहीच घडलेलं दिसत नाही. बातमी आत आहे. (याही अंकाच्या नकला पुष्कळ फिरतात.) 'पहिलं पान तेवढं महत्त्वाचं' म्हणून कापणाऱ्याच्या हाती नुसत्या जाहिरातीच राहतील.

माझ्याजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीचा एक इंग्रजी चौपानी अंक आहे. त्यात कुठलंही युद्ध जिंकलेलं नाही, कुणी राजा मेलेला नाही. पळून गेलेल्या एका शिकाऊ कामगाराची जाहिरात आहे: अंगावर कोणता कोट होता, चालताना कसा झुकतो, कुणी आसरा देऊ नये. मालकाने पोराला पकडण्यासाठी दिलेल्या त्या ओळींखेरीज तो मुलगा जगाच्या दृष्टीने उरलेलाच नाही. कोपऱ्यात सरकारी कराचा लाल शिक्का आहे. ब्रिटनमध्ये १७१२ ते १८५५ या काळात वर्तमानपत्रावर असा कर भरावा लागे, त्यामुळे अंक महाग पडे आणि एकच प्रत अनेक हातांतून फिरे. हे सगळं मी त्या अंकाकडून शिकले, कारण कुणीतरी तो अख्खा ठेवला.

मोठमोठ्या संस्थांनीही या बाबतीत घाई केली. अंकांची मायक्रोफिल्म झाली, म्हणजे पानांचे बारीक फोटो फिल्मवर उतरवून झाले, की मूळ खंड काढून टाकायचे, असा प्रघात विसाव्या शतकात पडला. फिल्म काळीपांढरी, कुठे धूसर, कुठे पान सुटलेलं. रंगीत पुरवण्यांचे रंग तर गेलेच. १९९९मध्ये ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडचे परदेशी वर्तमानपत्रांचे खंड काढायला घेतले, तेव्हा निकल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने पदरचा पैसा घालून त्यातले कितीतरी अमेरिकन खंड विकत घेतले आणि ते ठेवायला स्वतंत्र संग्रह उभा केला. २००४मध्ये तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. त्यात जोसेफ पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'चे रंगीत पुरवण्यांसह खंड आहेत. एका माणसाने हट्ट धरला नसता तर ते रंग आज कुणाला पाहताच आले नसते.

भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगलं स्कॅन करून त्याची छपाई लावा. मूळ अंक अंधारात राहू द्या.

प्रश्न : चुकीची बातमी छापलेला अंक संग्रहात ठेवण्यासारखा असतो का?

अवश्य ठेवा. 'शिकागो डेली ट्रिब्यून'चा ३ नोव्हेंबर १९४८चा अंक सगळ्यांना ठाऊक आहे: अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईने ट्रूमनला हरवलं असा ठळक मथळा, आणि निवडून आलेले ट्रूमन हसत तो अंक उंचावताहेत असा फोटो. छपाई कामगारांच्या संपामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापायला पाठवावा लागत होता, निकाल हाती नव्हता आणि संपादकांनी अंदाजावर मथळा बेतला. त्याच रात्रीच्या पुढच्या आवृत्त्यांत तो बदलला. म्हणून तारीख जुळली एवढ्यावर थांबू नका, आवृत्ती कोणती तेही बघा.

मला स्वतःला टायटॅनिकचे पहिल्या दिवसांचे अंक जास्त हलवून सोडतात. १६ एप्रिल १९१२च्या 'डेली मेल'ने जहाज बुडालं पण जीवितहानी नाही असं छापलं होतं. त्या सकाळी तो मथळा वाचून किती घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल! इतिहासाच्या पुस्तकात फक्त शेवटचा आकडा सापडतो. मधला तो एक दिवस, खोट्या आशेचा, फक्त त्या अंकात आहे.

प्रश्न : अंक घरी नीट कसे ठेवायचे? फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली तर चालते का? लॅमिनेशन करावं का?

चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पट्टीचा डिंक कागदात मुरतो, तपकिरी होतो आणि काढताना अक्षरं सोबत नेतो. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक परत सुटत नाही, आणि आतलं आम्ल आपलं काम चालूच ठेवतं.

अंक आडवा, सपाट ठेवावा. शक्यतो पूर्ण उघडून, नाहीतर मूळ मधल्या घडीवर. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्ममध्ये (मायलर म्हणतात ती), मग पुठ्ठ्याच्या आम्लविरहित पेटीत. वास येणारं मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक वापरू नका. माळा आणि तळघर टाळा. एक तापतं, दुसरं ओलं असतं. हवा कोरडीकडे झुकणारी पण स्थिर हवी, आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. एकदम चढणारी आणि उतरणारी आर्द्रता कागदाला जास्त शिणवते. वरचेवर पेटी उघडून कसर, वाळवी, बुरशी बघत जा.

कडक झालेली घडी जोर लावून उलगडू नका. ती आधी दमट करून सैल करावी लागते आणि ते काम शिकलेल्या हातांचं आहे. सोडावॉटरमध्ये मॅग्नेशियाचं औषध मिसळून कागद बुडवण्याची कृती बरेच जण एकमेकांना सांगतात. कागदातलं आम्ल मारणं शक्य असतं, पण भिजलेला जीर्ण कागद उचलताना हातातच विरतो. मौल्यवान अंकावर तो प्रयोग करू नका.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे, खर्च करण्याची ऐपत फार नाही. सुरुवात कुठून करू?

गाजलेल्या तारखांचा नाद सध्या सोड. त्यांना गिऱ्हाईक जास्त, म्हणून किंमत जास्त आणि नकलाही जास्त. अडीचशे वर्षांपूर्वीचा साध्या दिवसाचा अंक पुष्कळदा गेल्या शतकातल्या एखाद्या गाजलेल्या अंकापेक्षा स्वस्तात मिळतो, आणि कागद तर त्याचाच चांगला असतो. एखादा धागा पकड: एकाच शहराची वर्तमानपत्रं, किंवा एकच घटना वेगवेगळ्या देशांच्या अंकांतून, किंवा पहिले आणि शेवटचे अंक. व्हिएन्नाचं 'वीनर त्साइटुंग' १७०३मध्ये सुरू झालं आणि त्याचा रोजचा छापील अंक ३० जून २०२३ रोजी थांबला. असे शेवटचे अंक आपल्या डोळ्यांदेखत निघताहेत, आणि त्या दिवशी ते साध्या अंकाच्याच किमतीला मिळतात.

आणि घेतलेला अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाच. मग वहीत लिही: कुठून मिळाला, कधी, किती पानं, काय फाटलं आहे.

प्रश्न : विकत घ्यायच्या अंकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे. घ्यावा का?

शिक्का असणं वाईट नाही. खंड काढून टाकले तेव्हा असे कितीतरी अंक रीतसर बाहेर आले. त्यावर 'रद्द' किंवा 'संग्रहातून काढला' अशी खूण आहे का ते बघा. नसेल तर विक्रेत्याकडे लेखी माहिती मागा आणि शिक्क्यावरच्या ग्रंथालयाला सरळ पत्र टाकून विचारा. उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका. अंक त्यांच्याकडून चोरीला गेलेला निघाला तर तो त्यांनाच परत मिळायला हवा. तिथे तो अनेकांना वाचता येईल.